जे आजारी पडले नाहीत, त्यांनाही विचारा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "तू तीस वर्षं आरोग्य खात्यात काढलीस, त्यातलंच काहीतरी बोल. वीस मिनिटं." मी विचारलं, विषय कोणता? ते म्हणाले, तुला येतो तो. आता मला जो विषय येतो तो जेवणाआधी बोलण्यासारखा नाही. मंडपामागे आचारी भात उतरवतो आहे, वांग्याच्या भाजीचा वास येतो आहे, आणि मी बोलणार उलट्या-जुलाबांवर. पण पंगत वाढणाऱ्याने हे जेवणाआधीच ऐकलेलं बरं, म्हणून बोलते.

मी आरोग्यसेविका म्हणून नोकरीला लागले तेव्हा आपला जिल्हा भंडाराच होता. १ मे १९९९ ला गोंदिया वेगळा झाला. उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र, पुढे आरोग्य सहाय्यिका अशी नोकरी झाली. लसीकरण, बाळंतपणं, मलेरियाच्या काचपट्ट्या हे सगळं केलंच. पण एका कामाने मला सर्वांत जास्त विचार करायला लावलं. गावात एकदम दहा-वीस माणसं आजारी पडली की घरोघर जाऊन विचारायचं : तुम्ही काय खाल्लं, कधी खाल्लं, कुठलं पाणी प्यायलात? आमच्या भाषेत याला उद्रेकाचा तपास म्हणतात.

आपल्या भागात एकत्र जेवणं किती, ते मी तुम्हाला सांगायला नको. लग्नं, तेरव्या, सप्ताहाचा गोपालकाला, शारदा-गणपतीचा महाप्रसाद, मंडईला घरोघरी आलेले पाहुणे. शिवाय देवरीला आदिवासी विकास प्रकल्पाचं कार्यालय आहे, आणि आसपासच्या आश्रमशाळांत शेकडो लेकरं रोज एकाच स्वयंपाकघरातलं जेवतात. त्यात हायवेवरची हॉटेलं आणि ढाबे. एका गंजात काही बिघडलं तर एका घरावर थांबत नाही.

महाराष्ट्रात अलीकडे काय घडलं

६ फेब्रुवारी २०२४, एकादशीचा दिवस. नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात कोष्टवाडी गावी धार्मिक कार्यक्रमात महाप्रसाद झाला. आसपासच्या गावांतून लोक आले होते. रात्रीनंतर उलट्या-जुलाब सुरू झाले आणि बाधितांचा आकडा दोन हजारांच्या आसपास गेला. बरोबर दोन आठवड्यांनी, २० फेब्रुवारीला, पुन्हा एकादशी. या वेळी बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातलं सोमठाणा. सप्ताहातला भगर आणि आमटीचा प्रसाद, आणि शेकडो लोक आजारी. दवाखान्यात खाटा पुरल्या नाहीत. झाडांना दोर बांधून, त्यावर सलाईनच्या बाटल्या लटकवून लोकांना रस्त्यावर उपचार द्यावे लागले. ते फोटो तुम्ही पाहिले असतील.

भगर, म्हणजे वरईचे तांदूळ, या बाबतीत अन्न व औषध प्रशासन उपवासाच्या दिवसांत वारंवार सूचना काढतं. दमट जागी साठवलेल्या भगरीला ॲस्परजिलस जातीची बुरशी लागते आणि त्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषारी द्रव्यं तयार होऊ शकतात. म्हणून भगर सुटी न घेता पाकीटबंद घ्या, तारीख पाहा, निवडून धुऊन घ्या, भगरीचं तयार पीठ आणू नका, लागेल तेवढंच घरी दळा. आपल्या वर्गातले दोघे-तिघे किराणा चालवतात. त्यांना एवढंच सांगते की मागच्या श्रावणाचं उरलेलं पोतं या श्रावणात विकू नका. दोन पैशांचं नुकसान सोसा.

बुरशी किती वाईट असते याचं आपल्यासारख्याच मुलखातलं एक उदाहरण आहे. १९७४ मध्ये गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या लागून असलेल्या आदिवासी जिल्ह्यांत अवेळी पावसाने मका भिजला. गरिबाघरी दुसरं धान्य नव्हतं, तोच मका खाल्ला गेला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी झालं. तपासात ३९७ रुग्ण मोजले गेले, त्यातले १०६ दगावले. नीट पाहिल्यावर लक्षात आलं की त्या घरांतल्या कुत्र्यांनाही तसंच होत होतं. माणसाचा आजार कुत्र्याला होत असेल तर कारण दोघांच्या खाण्यात शोधायला हवं. ते बुरशीचं अफ्लाटॉक्सिन नावाचं विष होतं. पहिली खूण दिसली ती अंगणात.

तपास कसा करतात

आता हे कळतं कसं, ते सांगते. पुष्कळांना वाटतं की प्रयोगशाळेत नमुना गेला की उत्तर येतं. उत्तर येतं, पण काही दिवसांनी. आणि बहुतेक वेळा आम्ही पोचेपर्यंत भांडी घासून पालथी घातलेली असतात, उरलेलं अन्न ढोरांना टाकलेलं असतं. मग हातात उरतात फक्त माणसं आणि त्यांची आठवण.

पहिला प्रश्न वेळेचा. जेवल्यावर एक ते सहा तासांत उलट्यांनी सुरुवात झाली, तर बहुधा अन्नात आधीच विष तयार झालेलं असतं. स्वयंपाक्याच्या हातावर पिकलेली जखम असली की तिथले जंतू बासुंदीत, पेढ्यात जातात. भात सकाळी शिजवून दुपारपर्यंत ढीग करून ठेवला तर त्यात दुसरे जंतू वाढतात. हे भाताचे जंतू आपल्या भागात सगळ्यांनी ओळखून ठेवावेत. नाव बॅसिलस सेरियस. त्यांची बीजं शिजवून मरत नाहीत, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. "गरम करून वाढला होता" हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल. मटणाचा मोठा गंज हळूहळू थंड होत राहिला, तर आठ ते सोळा तासांनी पोटात मुरडा येऊन जुलाब लागतात. बारा ते छत्तीस तासांनी तापासह जुलाब असतील तर साल्मोनेलासारखा जंतू मनात येतो. आणि खाता खाताच तोंडाला फेस, लाळ, घाम, बाहुल्या बारीक होणं असं दिसलं तर विचार करत बसायचं नाही. ते कीटकनाशक असू शकतं. तडक दवाखाना.

पावसाळ्यात आपण सात्या खातो. जंगली अळंबी खाऊन लगेच उलटी झाली तर लोक घाबरतात. पण सहा-आठ तासांनंतर, कधी त्याहून उशिरा, सुरू झालेला त्रास जास्त धोक्याचा असतो, कारण काही विषारी अळंब्या यकृत निकामी करतात. मधे एक दिवस बरं वाटतं, आणि तोच दिवस फसवतो. ओळख पक्की नसेल तर खाऊ नका. खाल्लीच आणि त्रास झाला, तर अळंबीचा उरलेला तुकडा दवाखान्यात सोबत न्या.

दुसरा प्रश्न, कोणी काय खाल्लं. इथे मला आपल्या विज्ञानाच्या सरांची आठवण येते. तुम्हाला तो पानाचा प्रयोग आठवतो का? अर्ध्या पानाला काळा कागद लावायचा आणि अर्धं तसंच ठेवायचं. आपण सगळे कागदाखालचा भागच बघत होतो. सर म्हणाले, "ज्याला काही केलं नाही तो भाग आधी बघा. त्याच्याशिवाय याला अर्थ नाही." पुढे माझं अर्धं काम त्या एका वाक्यावर चाललं.

हिशेब करून दाखवते. समजा, एका लग्नात १८० लोक जेवले आणि ६५ आजारी पडले. तुम्ही फक्त आजाऱ्यांना विचारलं, काय खाल्लं? पासष्टच्या पासष्ट म्हणाले, भात. साठ जण म्हणाले, बासुंदी. मग दोषी कोण? वरवर पाहिलं तर भात. आता जे ११५ जण ठणठणीत आहेत त्यांना विचारा. त्यांनीही सगळ्यांनी भात खाल्ला आहे. पण बासुंदी त्यातल्या फक्त ३० जणांनी खाल्ली. म्हणजे बासुंदी खाणाऱ्या ९० जणांपैकी ६० आजारी, आणि न खाणाऱ्या ९० जणांपैकी फक्त ५. भात सुटला, बासुंदी सापडली. तालुक्याच्या ठिकाणी बसून, वही-पेन्सिलीने, प्रयोगशाळेच्या आधी. पण त्यासाठी, ज्यांना काहीच झालं नाही त्यांच्या दारात जावं लागतं. ते म्हणतात, "आम्हाले का विचारता जी, आम्ही तर बरे आहोत." तुम्ही बरे आहात म्हणूनच विचारते.

एका तेरवीची गोष्ट

गावाचं नाव सांगत नाही, ती माणसं आजही तिथे राहतात. पावसाळ्याचे दिवस. एका घरी तेरवीचं जेवण झालं. तिसऱ्या दिवशी मला कळलं की टोलीवर पुष्कळ लोक आजारी आहेत. मला कोणी कळवलं नव्हतं. औषधाच्या दुकानात एकाच टोलीचे चार-पाच जण जुलाबाच्या गोळ्या घेऊन गेले होते, तिथून कानावर आलं. आम्ही गेलो तेव्हा पस्तीस-चाळीस जण आजारी होते. एक म्हातारी आदल्या रात्रीच, दवाखान्याच्या वाटेवर गेली होती. अंगातलं पाणी गेलं, एवढंच कारण.

सगळं गाव एकच सांगत होतं, तेरवीचं जेवण बाधलं. कोणी म्हणे, त्या घराला कोणाचं तरी लागलं. कोणी म्हणे, अमक्या बाईच्या हातचं होतं. त्या घरची सून दारामागे उभी होती. सासरा जाऊन पंधरा दिवस झाले नव्हते आणि आता गाव तिच्याकडे असं बघत होतं. ती मला हळूच म्हणाली, "बाई, आमच्या घरचं नाव लिहू नका जी." लोकांनी दोन दिवस कळवलं का नाही, याचं उत्तर त्यात होतं. पोलिसात जाईल, पेपरात येईल, मेलेल्या माणसाच्या नावाला बट्टा लागेल. काहींनी गप्प राहून तिच्यावर दयाच केली, असं त्यांना वाटत होतं.

आम्ही यादी करायला बसलो. नाव, वय, घर, त्रास कोणत्या दिवशी किती वाजता सुरू झाला, तेरवीला जेवले का, पाणी कुठलं. चौदा-पंधरा घरं झाल्यावर यादी वेगळंच बोलायला लागली. तीन लेकरांना जुलाब तेरवीच्या आदल्या दिवशीच सुरू झाले होते. दोन म्हातारी माणसं तेरवीला गेलीच नव्हती, तीही आजारी. आणि पलीकडच्या टोलीवरचे लोक पोटभर जेवून आले होते, त्यांना काही नाही. ते बोअरिंगचं पाणी पीत होते. आजारी सगळे एका विहिरीवरचे. त्या विहिरीचा कठडा फुटलेला, आणि पावसाचं पाणी गोठ्याच्या बाजूने थेट आत. पाण्याचा नमुना पाठवला, रुग्णांचे शौचाचे नमुने घेतले, पण अहवालाची वाट न पाहता विहीर बंद केली, टीसीएल टाकली, दुसरीकडून पाण्याची सोय केली. दोन-तीन दिवसांत नवे रुग्ण थांबले. पुढे अहवालही आला, पाणी पिण्यास अयोग्य.

त्या सुनेचं नाव मी यादीत लिहिलं होतं. यादीत होतं म्हणूनच ते निर्दोष सुटलं. गावाचं खरं मानून आम्ही तेरवीचं अन्न पुरून परत आलो असतो, तर लोक त्याच विहिरीचं पाणी पीत राहिले असते आणि त्या बाईला जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. कळवलं की बदनामी होते, असं आपण समजतो. मी तीस वर्षांत उलटं पाहिलं. बदनामी कुजबुजीने होते. तपासाने झाली तर सुटका होते, आणि दोष सापडलाच तर तो बहुतेक वेळा माणसाचा नसतो, एखाद्या सवयीचा असतो.

घाईने नाव घेण्याची चूक मोठमोठ्या देशांतही होते. २०११ मध्ये जर्मनीत एका भयंकर ई. कोलाय जंतूने हजारो लोक आजारी पडले, पन्नासहून जास्त दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांचं नाव घेतलं गेलं. तिथल्या शेतकऱ्यांचा माल रस्त्यावर आला. काकड्या निर्दोष होत्या. खरं कारण होतं मोड आलेलं धान्य, आणि त्यातही संशय गेला तो इजिप्तहून आलेल्या मेथीदाण्यांवर. ते सापडलं कसं? ताटात सजावटीला टाकलेले चार मोड जेवणाऱ्यांना आठवत नव्हते. मग तपास करणाऱ्यांनी हॉटेलच्या आचाऱ्यांना विचारलं, या पदार्थात तुम्ही काय काय घालता? खाणाऱ्याला आठवत नसलं तरी करणाऱ्याला आठवतं. म्हणून माझी विनंती आहे, आचाऱ्याला गुन्हेगार समजू नका. तो आपला सर्वांत चांगला साक्षीदार असतो.

कळवायचं कोणाला, आणि कशासाठी

आपल्याकडे २००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रम आहे. उपकेंद्र, दवाखाना आणि प्रयोगशाळा जिल्ह्याला आकडे कळवतात. आधी कागदावर होतं, २०२१ पासून देशभर ऑनलाइन झालं. देशातून येणाऱ्या उद्रेकांच्या अहवालांत जुलाब आणि अन्नविषबाधा नेहमीच पुढे असतात.

याचा उपयोग काय? आपल्या भागातलं एक लग्न घ्या. वऱ्हाड राजनांदगावकडचं, मुलगी देवरीची, पाहुणे सालेकसा आणि सडक अर्जुनीचे. जेवून रात्रीच सगळे आपापल्या गावी. दुसऱ्या दिवशी पाच दवाखान्यांत दोन-दोन, तीन-तीन रुग्ण. प्रत्येक डॉक्टरला वाटतं, साधे जुलाब आहेत. सगळे मिळून पन्नास आहेत हे कोणालाच दिसत नाही. ते आकडे एका जागी आले तरच दिसतं. आणि ते एका जागी येण्यासाठी पहिल्या माणसाने तोंड उघडावं लागतं. यंत्र कितीही मोठं केलं तरी त्याची सुरुवात गावातल्या आशाताईच्या फोनपासूनच होते.

तेव्हा लक्षात ठेवा. एकाच ठिकाणी जेवलेले किंवा एकाच ठिकाणचं पाणी प्यायलेले दोघे-तिघे सारख्याच त्रासाने आजारी पडले, की आशा किंवा आरोग्यसेविकेला सांगायचं. पंचवीस होईपर्यंत थांबायचं नाही. गाडीसाठी १०८, सल्ल्यासाठी १०४. विकत घेतलेल्या खाद्यपदार्थाबद्दल तक्रार असेल तर अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री क्रमांक १८००-२२२-३६५.

तोपर्यंत रुग्णाला ओआरएस घोट-घोट पाजत राहा. पाणी बंद करू नका, लेकराचं अंगावरचं दूध बंद करू नका. शौचात रक्त, लघवी बंद, डोळे खोल, सुस्ती, दोन दिसणं, गिळता न येणं, यातलं काही दिसलं किंवा रुग्ण तान्हं बाळ, गरोदर बाई, म्हातारं माणूस असेल, तर घरी थांबू नका. त्या म्हाताऱ्या आजीला वेळेवर पाणी आणि सलाईन मिळालं असतं तर ती वाचण्यासारखी होती.

आपल्यापैकी कोणी काय करावं

आपल्या वर्गात शिक्षक सर्वांत जास्त निघाले. त्यांना चव रजिस्टर माहीत आहे. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसाने चव घेऊन नोंद करायची. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात गंडामण गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ लेकरं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं. आपल्या धानाच्या बांधावर ज्याच्या बाटल्या पडलेल्या असत, तेच. जेवणाची चव वेगळी लागते, असं मुलं म्हणाली होती, हे तेव्हाच्या बातम्यांत होतं. म्हणून सही आधी आणि चव कधीच नाही, असं करू नका. आणि लेकरू "गुरुजी, वास येते" म्हणालं तर त्याला "चुपचाप जेव" म्हणू नका. त्या वेळी ते लेकरूच तुमची प्रयोगशाळा आहे. फवारणीची बाटली आणि तेलाचा डबा एका खोलीत नको, शाळेत नको आणि घरीही नको.

जे सरपंच, सदस्य, मंडळाचे अध्यक्ष आहेत त्यांनी मोठ्या जेवणाआधी विहिरीत टीसीएल टाकली का, ओटी टेस्ट केली का, हे विचारावं. पाच मिनिटांचं काम आहे. महाप्रसाद वाटणाऱ्यांनाही अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आहे, ती करून घ्यावी.

ज्यांची औषधाची दुकानं आहेत त्यांना माझा खास नमस्कार. एका गावचे चार जण एका दिवसात जुलाबाची गोळी मागतात, हे तुम्हाला आमच्याआधी कळतं. एक फोन करा.

आणि पंगत वाढणाऱ्या सगळ्यांसाठी. मे महिन्यात आपल्याकडे ऊन किती असतं ते ठाऊक आहे. पहाटे सहाला शिजलेला भात ताडपत्रीवर ढीग करून दुपारी दोनला वाढू नका. शिजलेलं अन्न दोन तासांपेक्षा जास्त नुसतं पडू देऊ नका. एकदम सगळं रांधण्यापेक्षा दोन-तीन खेपांत रांधा. कच्चं मटण कापलेली विळी आणि पाट सलादाला वापरू नका. हाताला जखम असलेल्याला किंवा पोट बिघडलेल्याला त्या दिवशी वाढायला, रांधायला लावू नका. त्याला पाहुण्यांच्या स्वागताला उभं करा, मान राहतो आणि जेवणही सुरक्षित राहतं. हात धुवायला साबण ठेवा, नुसती बादली नको.

शेवटचं काम सर्वांत सोपं आहे. प्रत्येक मोठ्या जेवणाच्या दिवशी, प्रत्येक पदार्थाचा एक-एक वाटीभर नमुना उकळत्या पाण्याने धुतलेल्या झाकणाच्या डब्यात काढून, त्यावर तारीख-वेळ लिहून, दोन दिवस फ्रीजमध्ये ठेवा. देवाला नैवेद्य काढतो तसाच हाही काढायचा. सगळं ठीक झालं तर तिसऱ्या दिवशी टाकून द्या. नाही झालं, तर तो डबा तुमच्या बाजूने साक्ष देईल किंवा पुढच्या पन्नास लोकांना वाचवेल. आजच्या जेवणाचे असे डबे मी सकाळीच आचाऱ्याकडून मागून घेतले आहेत. तो आधी रागावला, "माझ्यावर भरोसा नाही का जी?" मी म्हटलं, "भरोसा आहे म्हणूनच इथे जेवणार आहे. डबा तुझ्यासाठी आहे." मग त्यानेच नावाच्या चिठ्ठ्या लावून दिल्या.

आपल्या ग्रुपवर रोज सकाळी चाळीस फुलांचे फोटो येतात. त्यात एखाद्या दिवशी "आमच्या टोलीवर चार जणांना जुलाब लागले" असा एक मेसेज आला तर तो पुढे आशाताईपर्यंत पोचवा, आणि ज्याच्या घरी जेवण झालं त्याच्या घरी आधी जाऊन बसा. त्याला सांगा, तू एकटा नाहीस, आपण मिळून शोधू. शाळेने आपल्याला एका पंगतीत बसायला शिकवलं. त्या पंगतीतल्या माणसाला अशा वेळी एकटं पडू न देणं, एवढंच मी आज तुमच्याकडे मागते.

जेवायला चला, आणि हात धुऊन बसा.